कुडाळहून लंडन: किती किलोमीटर, किती तास? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कुडाळच्या बाजारात माझं तिकिटांचं दुकान आहे. रेल्वे, बस, विमान, जे लागेल ते. आमच्या भागातून लंडनला जाणारी माणसं कमी नाहीत. कुणाची लेक तिथे नर्स आहे, कुणाचा झील संगणकाच्या कंपनीत, आणि लेकीच्या नाहीतर सुनेच्या बाळंतपणाला निघालेल्या आया तर बाराही महिने येतात. प्रश्न मात्र तेच असतात. काही काउंटरवर विचारले जातात, काही रात्री अकराला व्हॉट्सॲपवर येतात. ते सगळे इथे एकत्र केलेत. गणित मुंबई ते हीथ्रो धरून मांडलंय. चिपळूण-रत्नागिरीवाल्यांनी गाडीतले दोन ते चार तास वजा करावेत, बाकी हिशोब तोच.

१. मुंबई ते लंडन अंतर नक्की किती? एक जण ७,२०० सांगतो, दुसरा ३,९००.

दोघंही बरोबर आहेत. हवाई अंतर साधारण ७,२०० किलोमीटर. तेच नेहमीच्या मैलांत ४,४८० आणि विमानवाले वापरतात त्या सागरी मैलांत ३,८९०. एक सागरी मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर. मासेमारीच्या होड्यांवरची माणसं हाच मैल वापरतात, त्यामुळे मालवण-देवगडकडच्यांना हे समजावून सांगावं लागत नाही. मुंबई-कुडाळ रस्त्याने पावणेपाचशे किलोमीटरच्या आसपास आहे. तोच रस्ता पंधरा वेळा तुडवा, की लंडन आलं.

२. मग विमान किती तासांत पोचतं?

न थांबता जाणारं विमान मुंबईहून लंडनला साधारण साडेनऊ ते साडेदहा तास घेतं. परतताना साडेआठ ते साडेनऊ.

विमानाचा वेग ताशी ९०० धरून कॅल्क्युलेटरवर भाग दिला तर आठच तास येतात, आणि मग लोक विचारतात की उरलेले दीड-दोन तास कुठे गेले. तिकिटावरचा वेळ फक्त हवेतला नसतो. विमान फाटकापासून हललं तेव्हापासून ते तिकडच्या फाटकाला लागेपर्यंतचा तो वेळ असतो. मुंबईत धावपट्टीच्या रांगेत वीस-पंचवीस मिनिटं सहज जातात. चढताना आणि उतरताना वेग कमी असतो. हीथ्रोला गर्दी असली की उतरण्याआधी विमान आकाशात घिरट्या घालत ठेवतात. त्यासाठी लंडनभोवती चार ठरलेल्या जागा आहेत आणि तिथे विमानं एकावर एक थर लावून फिरत असतात. त्यातच वाट थोडी वळणाची (प्रश्न ६) आणि वारा समोरून (प्रश्न ४).

३. तिकिटावर जाताना साडेपाच तास दिसतात आणि येताना साडेतेरा. छापण्यात चूक झालीय का?

चूक नाही. तिकिटावरची प्रत्येक वेळ त्या त्या गावच्या घड्याळाची असते. हा माझ्याकडे सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न आहे, म्हणून उदाहरण सावकाश देतो.

समजा, उन्हाळ्यात मुंबईहून विमान दुपारी १:०० ला सुटलं आणि लंडनला संध्याकाळी ६:३० ला पोचलं. वजाबाकी केली तर साडेपाच तास. पण लंडनचं घड्याळ तेव्हा आपल्या साडेचार तास मागे असतं. साडेपाच अधिक साडेचार, दहा तास झाले. परतीचं विमान लंडनहून रात्री ९:०० ला सुटून मुंबईत दुसऱ्या दिवशी सकाळी १०:३० ला पोचतं. दिसतात साडेतेरा तास, त्यातून साडेचार वजा केले की नऊ.

म्हणजे पश्चिमेला जाताना फरक मिळवायचा आणि पूर्वेला येताना वजा करायचा. फरक कधी साडेचार आणि कधी साडेपाच, ते प्रश्न १४ मध्ये सांगितलंय.

४. अंतर तेवढंच, मग जायला जास्त आणि यायला कमी वेळ का लागतो?

वाऱ्यामुळे. नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे जोराचे वारे असतात, त्यांना जेट स्ट्रीम म्हणतात. त्यांचा वेग ताशी शंभर-दोनशे किलोमीटरपर्यंत जातो आणि हिवाळ्यात ते अधिक जोर धरतात. लंडनला जाताना ते समोरून येतात, परतताना पाठीवर.

आकडा मांडून बघा. वळणं धरून वाट ७,४०० किलोमीटरची झाली आणि संपूर्ण वाटेवर वारा सरासरी ताशी ५० चा असला, तर जाताना जमिनीच्या हिशोबात वेग ८५० पडतो आणि पावणेनऊ तास लागतात. येताना तो ९५० होतो, पावणेआठ तास पुरतात. नुसत्या वाऱ्याने तासाभराचा फरक पडला. होडीवाल्याला हे कळतं. ओहोटीबरोबर खाडीतून बाहेर पडणं आणि भरतीला तोंड देत बाहेर पडणं, अंतर तेच असलं तरी हात वेगळेच दुखतात.

५. पृथ्वी फिरतेच आहे ना? विमान वर नुसतं थांबलं तर लंडन आपोआप खाली येणार नाही का?

नाही. (हा प्रश्न शाळेतली मुलं विचारतात, आणि त्यांच्यामागे उभे असलेले बाबाही कान टवकारतात.) हवा पृथ्वीबरोबरच फिरते आणि विमान त्या हवेत असतं. कोकणकन्येत बसून चेंडू वर उडवलात तर तो तुमच्याच हातात पडतो, मागच्या डब्यात जात नाही. शिवाय लंडन आपल्या बरंच उत्तरेला आहे. थांबून राहिलात तरी ते खाली यायचं नाही.

६. सीटसमोरच्या पडद्यावर वाट वाकडी दिसते. सरळ का जात नाहीत?

ती जवळजवळ सरळच असते, वाकडा असतो तो नकाशा. गोल पृथ्वी सपाट कागदावर पसरली की उत्तरेकडचा भाग ताणला जातो आणि गोलावरची सगळ्यात जवळची वाट कमानीसारखी दिसायला लागते. घरात पृथ्वीचा गोल असेल तर मुंबई आणि लंडन यांच्यामध्ये दोरा ताणून धरा. तो मुंबईहून वायव्येला निघतो आणि इराण, जॉर्जिया, काळ्या समुद्राकडून मध्य युरोपावर येतो. प्रश्न १ मधले ७,२०० किलोमीटर याच दोऱ्याचे.

खरं विमान या दोऱ्यावर तंतोतंत चालत नाही. वारा, वादळं, हवाई मार्गांचे नियम आणि बंद असलेली आकाशं टाळत ते जातं. म्हणून प्रत्यक्ष उडालेलं अंतर नेहमी थोडं जास्त भरतं.

७. पूर्वी गेलो तेव्हा एवढा वेळ लागला नव्हता. आता का वाढला?

तुम्ही भारतीय कंपनीच्या विमानाने गेला असाल तर बहुतेक हवाई हद्दीच्या बंदीमुळे. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना आपलं आकाश बंद केलं, आणि आपणही त्यांच्या विमानांना केलं. २०१९ मध्येही फेब्रुवारीच्या अखेरीपासून जुलैपर्यंत असंच झालं होतं. सर्वात मोठा फटका दिल्लीहून सुटणाऱ्या विमानांना बसतो. मुंबई समुद्रालाच लागून आहे, त्यामुळे विमान अरबी समुद्रावरून ओमानच्या बाजूला वळवता येतं आणि वळसा तुलनेने लहान पडतो. पण पडतो.

परदेशी कंपन्यांना ही बंदी लागू नव्हती. त्यामुळे एकाच दिवशी मुंबईहून लंडनला निघालेल्या दोन विमानांच्या तिकिटांवर वेगवेगळे तास दिसले तर गोंधळू नका.

आखाती भागात तणाव वाढला तरी असंच होतं. जून २०२५ मध्ये इराण आणि आसपासची आकाशं काही दिवस बंद होती, तेव्हा अर्ध्या वाटेवरून विमानं परत फिरली. म्हणून निघण्याच्या आदल्या दिवशी वेळ पुन्हा तपासा. महिन्याभरापूर्वी काढलेल्या प्रिंटवर विसंबून राहू नका.

८. दुबईवरून गेलो तर केवढा तरी लांबचा फेरा पडेल ना?

बहुतेकांना हे उत्तर पटत नाही, पण फेरा जवळजवळ पडतच नाही. मुंबई-दुबई साधारण १,९३० किलोमीटर आणि दुबई-लंडन ५,५००. बेरीज ७,४३०, म्हणजे न थांबता जाण्यापेक्षा जेमतेम सव्वादोनशे किलोमीटर जास्त. दोहावरून २,२९० आणि ५,२४० मिळून सुमारे ७,५३०. आखात लंडनच्या वाटेवरच आहे.

वाढतो तो वेळ. दोनदा उतरणं, दोनदा चढणं, आणि मध्ये तीन तास ते एखादी आख्खी रात्र बसून राहणं. तिकिटात चार-पाच हजार वाचतात म्हणून नऊ तासांचा थांबा घेणारे लोक बघितले की मला त्यांच्या पाठीची काळजी वाटते. तरण्याताठ्यांनी खुशाल घ्यावा. सत्तरीच्या आईला एकटीला पाठवत असाल तर नका घेऊ.

९. डायरेक्ट आणि नॉन-स्टॉप एकच ना?

बोलताना एकच, तिकिटावर नाही. नॉन-स्टॉप म्हणजे मध्ये कुठेच उतरणार नाही. डायरेक्ट म्हणजे विमानाचा क्रमांक तोच, पण वाटेत एखाद्या गावी उतरून पुन्हा उडू शकतं. तिकीट काढताना ‘स्टॉप’ या शब्दाखाली शून्य आहे का, ते बघा. मुंबई-हीथ्रो न थांबता जाणाऱ्यांत एअर इंडिया, ब्रिटिश एअरवेज आणि व्हर्जिन अटलांटिक ही जुनी नावं आहेत.

१०. ते सगळं ठीक. कुडाळच्या घरातून निघून लंडनच्या घरात पाय ठेवेपर्यंत किती वेळ?

साधारण तीस तास. खरं तर पहिला प्रश्न हाच असायला हवा, पण तो विचारतात तिकीट काढून झाल्यावर.

प्रश्न ३ मधलंच दुपारी १ चं विमान धरू. आदल्या दिवशी संध्याकाळी साडेसातला घरातून निघायचं. तुळशीपुढे नमस्कार, शेजारणीने ऐनवेळी आणून दिलेली कुळथाच्या पिठाची पिशवी, आणि तिच्यासाठी पुन्हा उघडलेली बॅग. हे सगळं धरूनच साडेसात म्हणतोय. रात्री आठ-साडेआठच्या सुमाराला कोकणकन्या, पहाटे पाचच्या आसपास ठाणं. तिथून विमानतळ तास-दीड तासावर, पण एवढ्या सकाळी तिथे जाऊन करायचं काय? कोकणी माणसाचं कुणी ना कुणी ठाण्यात नाहीतर डोंबिवलीत असतंच. तिथे आंघोळ आणि नाश्ता उरकून साडेनऊपर्यंत विमानतळावर पोचायचं. १ ला विमान, दहा तासांनी हीथ्रो. आपल्या घड्याळात तेव्हा रात्रीचे ११ वाजलेले असतात. पासपोर्टची रांग, बॅगा आणि घरापर्यंतची गाडी यांत आणखी तीन तास. म्हणजे आपल्याकडचे पहाटेचे दोन. आदल्या संध्याकाळच्या साडेसातपासून मोजा.

या तीस तासांतले हवेतले दहा. कुडाळहून विमानाच्या दारापर्यंतचे साडेसतरा. लंडन लांब आहे यात शंका नाही, पण त्याहून लांब सहारचं विमानतळ आहे.

पावसाळ्यात यात भर पडते. कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक जूनच्या मध्याला लागतं ते ऑक्टोबरपर्यंत राहतं आणि गाड्या मुद्दाम हळू चालवतात. दरड आली तर सगळंच अडकतं. जुलै-ऑगस्टच्या विमानासाठी मी सगळ्यांना एक दिवस आधीची गाडी काढून देतो. ‘एक दिवस फुकट जाईल’ म्हणून कुरकुरतात, कुरकुरू देत.

११. मोपा एवढं जवळ असताना मुंबईला कशाला मरायला जायचं?

कुडाळ-सावंतवाडीवाल्यांचा हा प्रश्न रास्त आहे. गोव्यातलं मोपाचं मनोहर विमानतळ जानेवारी २०२३ पासून चालू आहे आणि कुडाळहून गाडीने तासा-सव्वा तासात पोचतो. तिथून एअर इंडियाचं लंडनच्या गॅटविकला न थांबता जाणारं विमान होतं, ते जून २०२५ मध्ये थांबवलं गेलं. तिकीट काढायच्या दिवशी ते आहे की नाही ते आधी बघायचं. नसेल तर मोपाहून मुंबई, दिल्ली किंवा आखातमार्गे जोडप्रवास मिळतो.

अंतर म्हणाल तर मोपाहून लंडन मुंबईपेक्षा साडेतीनशे किलोमीटर लांब, हवेत अर्धा तास जास्त. पण तो अर्धा तास देऊन तुमची अख्खी रात्रीची गाडी वाचते. आणि मुंबईला जाणं म्हणजे उलटं जाणंही नव्हे. मुंबई आपल्या उत्तरेला, लंडनच्या वाटेवरच पडते. सिंगापूरला जाणाऱ्याला मात्र मुंबई उलटी पडते.

गॅटविक आणि हीथ्रो यांत घोळ घालू नका. गॅटविक लंडनच्या दक्षिणेला, शहराच्या मध्यापासून सुमारे ४५ किलोमीटर. हीथ्रो पश्चिमेला, त्याच्या निम्म्या अंतरावर. घ्यायला येणाऱ्याला नाव सांगा, नुसतं ‘लंडन एअरपोर्ट’ नको.

१२. चिपीहून लंडनचं विमान कधी सुरू होणार?

वाट बघत बसू नका. ऑक्टोबर २०२१ मध्ये उद्घाटन झालेल्या सिंधुदुर्गातल्या चिपी विमानतळाची धावपट्टी अडीच किलोमीटरची आहे, मुंबईची मोठी धावपट्टी साडेतीनच्या जवळ. लंडनपर्यंतचं इंधन म्हणजे मोठ्या विमानात तासाला पाच टनांच्या हिशोबाने पन्नासेक टनांचं ओझं. ते घेऊन उठायला लांब धावपट्टी लागते, आणि रोज अडीचशे-तीनशे माणसंही लागतात. ती कुठून आणणार?

१३. नवी मुंबईचं विमानतळ सुरू झालंय. माझं विमान तिथून असेल का?

तिकिटावर बघा. जुन्या मुंबई विमानतळाची खूण बीओएम, नवी मुंबईची एनएमआय. नव्याचं उद्घाटन ऑक्टोबर २०२५ मध्ये झालं आणि डिसेंबरच्या अखेरीस देशांतर्गत विमानं सुरू झाली. आपल्याला ते सोयीचंच. पनवेल हे कोकणातल्या माणसाचं मुंबईतलं पहिलं दार, आणि विमानतळ पनवेललाच लागून आहे. पण दोन विमानतळांमध्ये पस्तीस-चाळीस किलोमीटर आणि मुंबईची वाहतूक आहे. एका ठिकाणी उतरून दुसऱ्या ठिकाणाहून उडायचं असेल तर मध्ये पाच-सहा तास ठेवा.

१४. लंडन साडेचार तास मागे की साडेपाच?

दोन्ही, ऋतूप्रमाणे. भारताचं घड्याळ वर्षभर तेच राहतं. ब्रिटनमध्ये मार्चच्या शेवटच्या रविवारी घड्याळ एक तास पुढे करतात आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी मागे घेतात. उन्हाळ्यात फरक साडेचार, हिवाळ्यात साडेपाच. मी लक्षात ठेवायला सांगतो ते असं: शिमगा झाला की साडेचार, दिवाळी आली की साडेपाच. एखाद-दोन आठवडे इकडेतिकडे होतात, पण फोन करायला पुरतं.

जाता जाता एक गंमत. आपली प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशाची आहे आणि कोकण त्याच्या बरंच पश्चिमेला, ७३ अंशांच्या आसपास. सूर्याच्या हिशोबाने आपण घड्याळाच्या छत्तीस-सदतीस मिनिटं मागे असतो.

१५. विमान १५ तारखेला रात्री १:५० ला आहे. घरातून कधी निघू?

१३ च्या रात्रीच्या गाडीने, नाहीतर फार तर १४ च्या सकाळच्या. १५ ला नाही!

रात्री बारानंतर तारीख बदलते हे सगळ्यांना माहीत असतं, तरी दर वर्षी कुणीतरी फसतंच. आमच्याच आळीतला एक जण १५ च्या रात्री दहाला, हारतुरे आणि आठ माणसं घेऊन विमानतळावर हजर झाला. विमान जाऊन वीस तास झाले होते. तिकीट मीच काढलेलं. तेव्हापासून असल्या तिकिटावर मी लाल पेनाने लिहून देतो: ‘१४ ला रात्री जेवून विमानतळावर’.

गंमत म्हणजे चाकरमान्यांना ही चूक जुनीच. तुतारी दादरहून रात्री बाराच्या ठोक्यानंतर सुटते आणि तिच्या तारखेवरून दर गणपतीला फलाटावर एखादं तरी कुटुंब रडकुंडीला येतं.

उलट बाजूची चूकही होते. लंडनहून येणाऱ्या तिकिटावर पोचण्याच्या वेळेपुढे ‘+१’ असतं, म्हणजे पोचणं दुसऱ्या दिवशी. मुंबईहून रेल्वेचं आरक्षण करताना ते विसरू नका.

१६. मोपा-मुंबई एक तिकीट आणि मुंबई-लंडन दुसरं, असं वेगवेगळं स्वस्त पडतं. काढू का?

काढा, पण धोका समजून घ्या. दोन्ही प्रवास एकाच तिकिटावर असले आणि पहिलं विमान उशिरा आलं, तर पुढची सोय कंपनी करते. वेगवेगळी तिकिटं असली तर पहिली कंपनी म्हणते, आम्ही तुम्हाला मुंबईला पोचवलं. दुसरी म्हणते, तुम्ही आलाच नाहीत. तिकीट बुडालं. बॅगही मुंबईत काढून घेऊन पुन्हा द्यावी लागते, आणि पहिलं विमान टर्मिनल एकला लागलं तर रस्त्याने टर्मिनल दोनला जावं लागतं. परदेशी विमानाचा काउंटर उड्डाणाच्या साधारण तासभर आधी बंद होतो, हेही हिशोबात धरा. दोन वेगळ्या तिकिटांमध्ये मी सहा तासांपेक्षा कमी ठेवू देत नाही. रेल्वेने येत असाल तर हाच नियम दुप्पट करा. रेल्वेचा उशीर कुठलीच विमान कंपनी मानत नाही.

१७. चतुर्थीच्या सकाळी घरात हवाय. लंडनहून कधी निघू?

चतुर्थीच्या तीन दिवस आधी, रात्रीच्या विमानाने.

उलटं मोजा. रात्रीचं विमान मुंबईत दुसऱ्या दिवशी सकाळी दहा-अकराला पोचतं. बाहेर पडेपर्यंत बारा. वंदे भारत, मांडवी, जनशताब्दी या गाड्या तोवर सुटून गेलेल्या असतात, मग कोकणकन्या किंवा तुतारीसाठी रात्रीपर्यंत थांबायचं. म्हणजे कुडाळ तिसऱ्या दिवशी सकाळी. एवढं सुरळीत झालं तरी हातात एकच दिवस उरतो, आणि त्या आठवड्यात गाड्या वेळेवर धावतील अशी आशा मी तरी धरत नाही. रस्त्याने यायचं म्हणाल तर मुंबई-गोवा महामार्गाबद्दल मी लिहायला बसलो तर हे उत्तर संपणार नाही.

रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी उघडतं (नोव्हेंबर २०२४ पर्यंत १२० दिवस होतं) आणि गणपतीच्या दिवसांचं काही मिनिटांत संपतं. विमानाचं तिकीट आधी काढा आणि साठाव्या दिवशी सकाळी आठ वाजता घरातलं एक माणूस फोन घेऊन बसवा. किंवा मोपाचा पर्याय बघा, प्रश्न ११.

१८. आईला मधुमेह आहे. गोळ्या भारताच्या वेळेने की लंडनच्या?

निघण्याआधी डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या, विशेषतः इन्सुलिन असेल तर. कारण प्रश्न ३ मध्येच आहे. जाताना दिवस साडेचार-साडेपाच तासांनी लांबतो, येताना तेवढाच आखडतो, आणि जेवणाची वेळ त्याबरोबर सरकते. औषधं हातातल्या बॅगेत ठेवा, सामानात टाकू नका. आईच्या मनगटावर साधं घड्याळ भारताच्या वेळेवर राहू द्या. फोन आपणहून वेळ बदलतो आणि मग रात्रीची गोळी कुठली, ते तिला कळेनासं होतं.

१९. पोराला हीथ्रोवर घ्यायला कधी बोलावू?

विमान उतरल्यावर तासा-दीड तासाने. विमान कुठवर आलंय ते फोनवर दिसतं, त्यामुळे त्याने घरातून उगाच लवकर निघू नये. हीथ्रोचं पार्किंग महाग आहे.

२०. पूर्वी लोक कसे जायचे? किती वेळ लागायचा?

बोटीने, सुएझ कालव्यातून, दोन-तीन आठवडे. कालवा १८६९ मध्ये खुला झाला. त्याआधी आफ्रिकेला वळसा घालायचा म्हणजे महिने जायचे. एअर इंडियाचं पहिलं परदेशी विमान ८ जून १९४८ ला मुंबईहून लंडनला गेलं, कैरो आणि जिनिव्हा इथे थांबत. विमानाचं नाव होतं ‘मलबार प्रिन्सेस’. त्या काळी आमच्याकडच्या माणसाला आधी वेंगुर्ल्याच्या नाहीतर मालवणच्या बंदरातून आगबोटीने मुंबईच्या भाऊच्या धक्क्याला उतरावं लागायचं. प्रश्न १० मधली रड जुनीच आहे.

२१. आखातात आणि अमेरिकेत किती तास? तेही सांगा.

मुंबईहून दुबई १,९३० किलोमीटर, तीन-सव्वातीन तास, घड्याळ दीड तास मागे. दोहा २,२९० आणि कुवेत २,७५० किलोमीटर, साडेतीन ते साडेचार तास, घड्याळ अडीच तास मागे. न्यूयॉर्क सुमारे १२,५५० किलोमीटर. न थांबता जाताना साधारण सोळा तास, येताना चौदा-पंधरा. येणं लवकर होतं त्याचं कारण प्रश्न ४ मधलंच.

२२. प्रवासाच्या दिवशी रोजा आहे. विमानात कुठल्या वेळेने सोडायचा? (आणि तसंच, संकष्टीच्या चंद्रोदयाचं काय?)

धर्माचं उत्तर तुमच्या मौलानांनी द्यावं. प्रवाशाला रोजा पुढे ढकलून नंतर पुरा करायची मुभा असते, ते त्यांच्याशी बोलून ठरवा. मी फक्त सूर्याचा हिशोब सांगतो, कारण तो निघायच्या आधी माहीत असलेला बरा.

पश्चिमेला जाणारं विमान सूर्याच्या मागे धावतं. मार्चच्या मध्यात मुंबईत पहाटे साडेपाचला सहरी केली आणि दुपारी एकचं विमान पकडलं, तर घरी असता तर पावणेसातला सूर्य मावळला असता. विमानात खिडकीबाहेर ऊन तसंच राहतं. लंडनला उतराल तेव्हाही उजेड असेल, आणि सूर्य मावळेल तिथल्या सहाच्या सुमाराला. आपल्या घड्याळात तेव्हा रात्रीचे साडेअकरा. म्हणजे तेरा-सव्वातेरा तासांचा रोजा अठरा तासांचा होतो. परतीच्या वाटेवर उलटं, दिवस आखडतो. खजूर आणि पाण्याची रिकामी बाटली हातातल्या बॅगेत ठेवा. तपासणी झाल्यावर बाटली भरून घेता येते.

संकष्टीचंही असंच. पश्चिमेला जाताना चंद्रोदय घड्याळाच्या हिशोबात पुढे पुढे सरकतो. एका आजींनी मला विचारलं होतं, चंद्र कुठल्या गावचा धरायचा, कुडाळचा की लंडनचा. मी म्हटलं, आजी, उजव्या बाजूची खिडकी मागून देतो, दिसला की सोडा. परत आल्यावर सांगत होत्या की रात्रभर पंखच दिसला, आणि हवाईसुंदरीने आणून दिलेल्या केळ्यावर त्यांनी उपास सोडला.